बारा पेडांचा दोर आणि एक टक्क्याची ढिलाई

न्हावा शेवाच्या टगवर (जहाज ओढणाऱ्या बोटीवर) किंवा तळोज्याच्या फॅब्रिकेशन यार्डात २४ मिमीचा एचएमपीई (अतिमजबूत पॉलिथिलीनचा) दोर पहिल्यांदा हातात आला की सगळे वजनाबद्दलच बोलतात. १०० मीटरला साधारण ३० किलो. तेवढ्याच जाडीच्या, ६ बाय ३६ बांधणीच्या स्टील वायररोपचं १०० मीटरचं वजन भरतं २३५ किलोच्या आसपास, आणि तो ३७ टनांवर तुटतो. हा पांढरा, मेणचट दोर ४५ टन घेतो. आकडे खरे आहेत, पण नुसतं महाग यार्न (धागा) आणून ते मिळत नाहीत. तेच यार्न, तेच मशीन, तरी एका कारखान्याचा दोर ४५ टनांना तुटतो आणि दुसऱ्याचा ३६ ला. हा फरक कुठून येतो ते इथे नीट मांडायचं आहे.

आधी हिशेब. सर्रास वापरलं जाणारं यार्न १७६० डेसिटेक्सचं असतं, म्हणजे १० किलोमीटर लांबीचं वजन १७६० ग्रॅम. चांगल्या ग्रेडची टेनॅसिटी, म्हणजे जाडीच्या मानाने ताकद, धरा डेसिटेक्सला ३५ सेंटिन्यूटन. एक यार्न तोडायला ६१६ न्यूटन, म्हणजे जवळपास ६३ किलो लागतात. एका पेडात १२० यार्न, पेड बारा, एकूण १४४०. गुणाकार केला तर ८८७ किलोन्यूटन, चांगले ९० टन. आणि तयार दोर तुटतो ४५ ला.

निम्मी ताकद जाते कुठे? थोडी पिळात आणि वेणीच्या कोनात, थोडी टोकाच्या स्प्लाइसमध्ये (दोराचं टोक त्याच दोराच्या आत पुरून केलेल्या जोडात). पण सगळ्यात मोठी गळती होते ती सगळे धागे एकाच वेळी ओढले जात नाहीत म्हणून.

एचएमपीई तुटेपर्यंत जेमतेम साडेतीन टक्के ताणतं. समजा एक पेड बाकीच्यांपेक्षा १ टक्का आखूड राहिला. तो साडेतीन टक्क्यांच्या टोकाला पोचतो तेव्हा बाकीचे अकरा अडीच टक्क्यांवरच असतात, म्हणजे त्यांनी आपल्या ताकदीच्या ७० टक्केच भार घेतलेला असतो. आखूड पेड तिथेच तुटतो, त्याचा भार झटक्यासह उरलेल्यांवर जातो. पालखीच्या खांदेकऱ्यांत एकच उंच निघाला की सगळं वजन त्याच्या खांद्यावर येतं, तसं. हेच नायलॉनमध्ये झालं तर? नायलॉन २० टक्के ताणतं. आखूड पेड २० वर, बाकीचे १९ वर. नुकसान पाच टक्क्यांचं. म्हणून नायलॉन आणि पॉलीप्रोपिलीनवर वर्षानुवर्षं हात बसलेला चांगला कारागीरसुद्धा एचएमपीईवर आला की त्याचा दोर कमी भरतो. जुनं मटेरियल चूक पोटात घालत होतं, हे घालत नाही. अरामिडचंही (केवलारच्या जातीच्या धाग्याचंही) तेच, तेही साडेतीन टक्क्यांच्या आसपासच तुटतं.

आता पेडांच्या लांबीतली ही ढिलाई शिरते कुठे ते बघू. पहिली जागा क्रील, म्हणजे यार्नचे बॉबिन लावायची चौकट. एकाच पेडात जाणारे बॉबिन काही भरलेले, काही संपत आलेले असले की ओढ वेगवेगळी होते. म्हणून एका पेडासाठी बॉबिन एकाच लॉटचे, एकाच वजनाचे लावायचे आणि चालू मशीनवर टेन्शन मीटर फिरवायचा. नुसत्या बोटाच्या अंदाजावर विसंबू नका. यार्न इतकं गुळगुळीत असतं की बोटाला फरक कळत नाही. दुसरी जागा ब्रेडिंग (वेणी विणणाऱ्या) मशीनचे कॅरिअर, म्हणजे एकेका पेडाचा बॉबिन घेऊन फिरणारे भाग. बारा कॅरिअर, प्रत्येकाला स्वतःची स्प्रिंग. स्प्रिंगा एकाच वेळी म्हाताऱ्या होत नाहीत. एक कडक राहिली की तिचा पेड वेणीत खोल जातो, एक सैल झाली की तिचा पेड फुगून वर येतो.

हे शोधायला महागडं उपकरण लागत नाही. ताणलेल्या दोरावरून तळहात सावकाश सरकवत न्या. एखादा पेड फुगलेला असेल तर तो ठरावीक अंतराने पुन्हा हाताला लागतो. २४ मिमीच्या दोरात वेणीचा एक पूर्ण फेरा साधारण १७० मिमीचा असेल, तर दर १७० मिमीला उंचवटा लागणं म्हणजे एकाच कॅरिअरचा दोष. कुठेही, कसाही उंचवटा लागला तर कॅरिअर सोडा आणि ट्विस्टरकडे (यार्नला पीळ देऊन पेड करणाऱ्या मशीनकडे) किंवा क्रीलकडे बघा. मशीन थांबवून खडूने कॅरिअरवर खूण करा, स्प्रिंग बदला, पुन्हा मीटरभर विणून हात फिरवा.

पिळाची बाजूही इथेच सांभाळायची. बारातले सहा पेड एका दिशेने फिरतात, सहा उलट. दोन्ही गटांचा पीळ परस्परांविरुद्ध, म्हणजे सहा एस (डावा पीळ) आणि सहा झेड (उजवा पीळ), असेल तरच दोर भाराखाली स्वतःभोवती फिरत नाही. घाईत एकाच कॅरिअरवर चुकीच्या पिळाचा बॉबिन चढला तरी तो पेड वेगळा बसतो आणि भार वेगळा घेतो. त्यावर साधा उपाय म्हणजे दोन्ही पिळांचे बॉबिन वेगळ्या रंगाचे ठेवणं.

पीळ किती द्यायचा यावर वाद होतात. पीळ कमी तितकी ताकद जास्त, हे कागदावर बरोबर आहे. पण अगदीच कमी दिला तर पेडातले धागे एकमेकांना धरत नाहीत, एखादा धागा खिळ्याला अडकून लांबवर ओढला जातो. मोठ्या पेडांना मीटरला १५ ते ३० पीळ ही कामाची मर्यादा. वेणीचा फेरा व्यासाच्या सहा ते आठ पट. फेरा लांब केला की धागे दोराच्या रेषेत येतात, ताकद वाढते, पण दोर मऊ पडतो आणि ड्रमवर चपटा होतो. फेरा आखूड केला की दोर घट्ट, टिकाऊ, पण कोनामुळे ताकद जाते: १५ अंशांच्या कोनाला सुमारे ७ टक्के. टगच्या ओढणीचा दोर आणि क्रेनचं स्लिंग एकाच फेऱ्याने विणणारा कारखाना मला पटत नाही.

विणून झाल्यावर खऱ्या अर्थाने दोर घडतो तो तापवून ताणताना. एचएमपीई १५० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतं. त्याच्या बरंच खाली, १२० च्या जवळ, ओव्हनमधून भाराखाली ओढत नेला की आखूड-लांब पेड आपसात जुळतात, वेणीतला पोकळपणा जातो, व्यास घटतो आणि तुटण्याचा आकडा वाढतो. तापमान दहा-पंधरा अंश वर सरकलं की धाग्याची मूळ रचनाच सैल पडू लागते, म्हणून ओव्हनच्या दोन्ही टोकांना आणि मध्ये वेगळे सेन्सर हवेत. एकाच सेन्सरच्या भरवशावर हे काम करू नये.

पॉलीयुरेथेनच्या लेपाचं काम सरळ आहे. धागा रंग धरत नाही, त्यामुळे निळा किंवा केशरी रंग लेपातूनच येतो. एकच काळजी: जून ते सप्टेंबर रबाळे-महापे पट्ट्यातल्या हवेत पाण्यावर आधारलेला लेप आतून लवकर सुकत नाही. ओलसर दोर गुंडाळला की पेड एकमेकांना चिकटतात.

स्प्लाइसवर मात्र वेळ द्या. या दोराला गाठ चालत नाही. घर्षण इतकं कमी की गाठ एकतर सुटते, नाहीतर निम्म्याहून कमी ताकदीला तुटते. टोक आत पुरायचं ते व्यासाच्या ७२ पट, म्हणजे २४ मिमीला पावणेदोन मीटर. दोन्ही टोकांना आय (अडकवायचे लूप) हवे असतील तर साडेतीन मीटर दोर पुरण्यातच जातो, शिवाय पुरलेल्या भागात बाहेरची वेणी फुगून लांबीला आखडते. ऑर्डर देताना हे धरा. आयची लांबी ज्या पिनवर किंवा बोलार्डवर (धक्क्यावरच्या खुंटावर) बसणार त्याच्या व्यासाच्या किमान तिप्पट, जमेल तर पाचपट.

पुरायच्या शेपटीचा शेवटचा तिसरा हिस्सा निमुळता करायचा: एक एस, एक झेड अशा जोडीने पेड थोड्या थोड्या अंतराने कापत जायचे. हे टाळलं की शेपटी जिथे संपते तिथे जाडी एकदम बदलते आणि टेस्ट बेडवर (दोर ताणून तोडायच्या यंत्रावर) दोर नेमका तिथेच तुटतो. तुटलेल्या नमुन्यात तो भाग आधी उघडून बघा, कारण बहुतेक वेळा तिथेच सापडतं. शेपटी आत गेल्यावर बाहेरची वेणी गळ्यापासून (आय जिथे मिटतो तिथून) पुढे हाताने दाबत सारायची, ढिलाई उरू द्यायची नाही. शेवटी त्याच जातीच्या धाग्याने आरपार टाके घाला. ताण असेल तेव्हा बाहेरची वेणी शेपटीला आवळून धरते. ताण नसताना शेपटीला काहीच पकड नसते. लाटांवर दोर सैल-घट्ट होत राहिला की बिनटाक्यांची शेपटी हळूहळू बाहेर सरकते.

वापराकडे येऊ. पूर्वी वायररोप चाललेल्या फेअरलीडवर (दोराला दिशा देणाऱ्या भागावर) आणि बिट्टवर (दोर बांधायच्या खांबांवर) चर पडलेले असतात. तिथे हा दोर लावण्याआधी ग्राइंडरने घासून हात फिरवा. हाताला टोचतं ते दोराला कापतं. वाकवायचा असेल तर पुलीचा व्यास दोराच्या किमान आठपट, सतत फिरणाऱ्या कामात वीसपट. ड्रमवर आठ-दहा वेढे राहू द्या. जहाज धक्क्याला बांधायचं असेल तर आणखी एक. न्हावा शेवाला उधाणाच्या भरती-ओहोटीचा फरक ४ मीटरच्या वर जातो आणि शेजारून जहाज गेलं की झटका बसतो. जवळजवळ न ताणणारा दोर तो झटका पचवत नाही. म्हणून पुढे पॉलिस्टर किंवा नायलॉनची ११ किंवा २२ मीटरची टेल, म्हणजे टोकाला जोडलेला ताणणारा तुकडा, लागते. ओसीआयएमएफच्या (तेल कंपन्यांच्या सागरी मंचाच्या) २०१८ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे टेलची ताकद, जहाज ज्या दोराच्या ताकदीवर आखलेलं असतं त्या डिझाइन आकड्याच्या, १२५ ते १३० टक्के हवी. नायलॉन ओलं झालं की १० ते १५ टक्के ताकद घालवतं, त्यामुळे त्याची टेल ओली करूनच तपासायची. आणि टेल तुटली तर साठलेली ऊर्जा माणसाच्या अंगावर येते, तेव्हा त्या रेषेत कुणालाही उभं करू नका.

कायमच्या भाराखाली एचएमपीई सावकाश लांबत जातं, ऊन जितकं कडक तितकं जास्त. वर्षानुवर्षं ताणून ठेवायच्या कामाला पॉलिस्टर बरं. तपासणीत वर कापसासारखी लव दिसली म्हणून घाबरू नका. चकाकणारा कडक पट्टा दिसला तर तो हाताने वाकवून बघा. मऊ पडून धागे सुटे झाले तर तो नुसत्या दाबाचा. कडकच राहिला, धागे एकमेकांत विरघळलेले दिसले, तर दोर वितळला आहे. तेवढा भाग कापून नवा स्प्लाइस करा. खाडीचा गाळ बारीक असतो आणि वेणीच्या आत शिरून धागे कापतो. गोड्या पाण्याने धुतलेला दोर नक्की जास्त जगतो.

घोडबंदर रोडच्या टॉवरवर काचा पुसणाऱ्यांनाही कधी कधी हाच दोर ‘जास्त स्ट्राँग’ म्हणून दिला जातो. तसं करू नका. पडणाऱ्या माणसाला थांबवताना दोराने थोडं ताणायला हवं, हा ताणत नाही आणि सगळा धक्का शरीराला बसतो. तिथे ईएन १८९१ या युरोपीय मानकाचा, टाइप ए चा नायलॉन कर्नमँटल (आत गाभा, वर विणलेलं कवच असलेला) दोरच हवा.

खरेदी करताना एक फसवणूक होऊ शकते. २४ मिमीचा पॉलीप्रोपिलीन दोर मीटरला साधारण २६० ग्रॅम भरतो, तोही पाण्यावर तरंगतो, आणि तुटतो ८ टनांच्या आसपास. वजनाने किंवा बादलीत टाकून तो एचएमपीईपासून वेगळा ओळखता येत नाही. एक धागा उसवून घ्या आणि घरच्या कात्रीने कापून बघा. पॉलीप्रोपिलीन सहज कापलं जातं. एचएमपीईचे रेशमासारखे बारीक तंतू कात्रीच्या पात्यांमध्ये दुमडून निसटतात. मग सर्टिफिकेट मागा, आणि त्यावरचा तुटण्याचा आकडा स्प्लाइस केलेल्या दोराचा आहे की नुसत्या दोराचा, हे लेखी घ्या. दोन्हींत १० टक्क्यांपर्यंत फरक पडतो, आणि आयएसओ २३०७ या दोरांच्या चाचणीच्या मानकाप्रमाणे चाचणी करणाऱ्याला याचं उत्तर लगेच देता यायला हवं.