लेकी कुठल्या पानावर?

शाळेच्या अमृतमहोत्सवाची पत्रिका आली, सोबत स्मरणिकेसाठी चार शब्द लिहा असा निरोप. लिहायला बसले आणि चौथीच्या बाईंशिवाय दुसरं काही सुचेना. बाई कोणत्या, हे आपल्या गावात कुणाला सांगायची गरज नाही.

चौथीच्या इतिहासात शिवाजी महाराज. पुस्तक उघडण्याआधी बाईंनी सांगितलं, आधी आपापल्या घरचा इतिहास लिहून आणा. फळ्यावर प्रश्न लिहून दिले: आजीचं माहेर कोणतं? लग्न होऊन ती या गावात कशी आली, गाडीतून की चालत? 72 च्या दुष्काळात घरात काय शिजत होतं? घरातलं कोण पोटासाठी मुंबईला गेलं? आणि एक सक्त ताकीद, आजी जशी बोलली तसंच लिहायचं. माझ्या आजीनं खडी फोडायला गेल्याचं सांगितलं, कामावर मिळणाऱ्या सुकडीचं सांगितलं, रेशनवरच्या लाल मिलोच्या भाकरी थापताना कशा तुटायच्या तेही सांगितलं. “प्वाट भरायचं, पन जीव भरत न्हवता” हे तिचं वाक्य मी तसंच उतरवलं. एरवी ऱ्हस्व-दीर्घासाठी पान लाल करणाऱ्या बाईंनी त्या वाक्याला पेन लावलं नाही. समासात फक्त लिहिलं, ‘आजीला माझा नमस्कार सांग.’ आजीला ते वाचून दाखवलं, तर तिनं वही हातात घेऊन डोक्याला लावली.

त्याच सुमारास, सुगी उरकल्यावर, हेळवी गावात आला होता. दरसाल घरोघर जाऊन तो कुळीची वंशावळ वाचायचा, नव्या जन्मलेल्यांची नोंद करायचा आणि धान्य घेऊन पुढच्या गावाला जायचा. बाईंनी त्याला शाळेत बोलावलं. त्यानं बैल कडुनिंबाला बांधला, बाडं सोडली आणि आमच्या भावकीचं पान काढून कानडी वळणाच्या मराठीत एका लयीत वाचायला सुरुवात केली. अमक्याचा लेक तमका, तमक्याचे लेक तीन. मूळ गाव कोणतं, तिथून कोण का उठलं, कुठं वस्ती केली, सगळं. माझ्या खापरपणजोबांचं नाव मी पहिल्यांदा ऐकलं ते त्याच्या तोंडून. आम्ही पोरं थक्क होऊन बसलो होतो. त्याचं वाचून झाल्यावर बाईंनी अगदी आदरानं विचारलं, “महाराज, या घरच्या लेकी कुठल्या पानावर?”

त्या पानावर लेकी नव्हत्या, सुनाही नव्हत्या. हेळवी म्हणाला, “विचारत न्हाईत बाई कोन.” बाई आमच्याकडे वळल्या. “आता तुम्ही विचारा.” त्या आठवड्यात आम्ही घरोघर आज्यांना, पणज्यांना भंडावून सोडलं. प्रत्येकीचं माहेरचं नाव, सासरचं नाव, माहेरचं गाव, बहिणी कुठं दिल्या ते. आमच्या पणजीला माहेरचं नाव सांगताना एवढं हसू फुटलं की आजोबाही ओट्यावरून उठून आत आले. त्यांनीही आईचं ते नाव कधी ऐकलेलं नव्हतं.

पुढं मी तलाठी झाले. आता आमच्या पदाला ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. वारस नोंदीचा अर्ज आला की गाव नमुना 6-क मध्ये, म्हणजे वारसांच्या नोंदवहीत, काही लिहिण्याआधी माझा प्रश्न ठरलेला असतो, लेकी किती? कितीतरी घरांत आधी तिघा भावांचीच नावं सांगितली जातात. हिंदू वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मापासूनचा हक्क दिला, तरीही. मग मी पुन्हा विचारते, आणि दिलेल्या बहिणींची नावं एकेक करून निघतात. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत आईचं नाव वडिलांच्या नावाआधी लिहायचं ठरलं, तेव्हा मला सगळ्यात आधी बाई आठवल्या.

हल्ली माझ्या भाच्याला ‘माझे कुटुंब’ असा प्रकल्प असतो. झाडाचा छापील तक्ता दुकानात मिळतो, त्यावर फोटो चिकटवले की गुण मिळतात. आजी शेजारच्या खोलीत बसलेली असते, तिला कुणी काही विचारत नाही. याचं मला फार वाईट वाटतं. हेळवीही आता क्वचितच दिसतो.

मुख्याध्यापकांना एक विनंती आहे. यंदाच्या चौथीला बाईंचे तेच प्रश्न द्या. मुलं आपापल्या आजीकडून उत्तरं लिहून आणतील तेव्हा गावचे जुने फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कातल्या बदलांच्या नोंदी, कसे वाचायचे ते दाखवायला मी एक दिवस रजा टाकून वर्गात येईन. बाईंनाही त्या दिवशी घेऊन येण्याची जबाबदारी माझी.