हा रुपनेल कोण, तुम्ही विचारलंत म्हणून

इतिहासाच्या पुस्तकांचा विषय निघाला की मी गास्तों रुपनेलचं नाव घेतोच, आणि समोरून ठरलेला प्रश्न येतो की हा कोण बुवा, आणि फ्रान्सच्या कुठल्या कोपऱ्यातल्या खेड्यांचा इतिहास तुम्ही कशाला वाचताय. तर विचारलंत म्हणून सांगतो.

फ्रेंच इतिहासकार, जन्म १८७१ चा, गेला १९४६ मध्ये. फ्रान्सच्या बरगंडी भागातल्या दिजों शहरात युनिव्हर्सिटीत शिकवायचा, राहायला जवळच्या जेव्रे-शांबेर्तां गावात, वाइनच्या शौकिनांना नाव ऐकूनच तोंडाला पाणी सुटतं ते गाव. कादंबऱ्याही लिहायचा. त्याची 'नोनो' ही कादंबरी १९१० च्या गोंकूर या फ्रेंच साहित्य पुरस्काराच्या शर्यतीत होती, मिळाला लुई पेर्गोला.

पण मला विचाराल तर खरं काम म्हणजे १९२२ चा प्रबंध, सतराव्या शतकातलं दिजों आणि आजूबाजूची खेडी यांच्यावरचा. १६३६ मध्ये, तीस वर्षांच्या युद्धात, पवित्र रोमन सम्राटाचं सैन्य बरगंडीत घुसलं, हे वाक्य आपण वाचतो आणि पान उलटतो, हा मात्र तिथेच ठाण मांडतो. घरं जळाली, माणसं परागंदा झाली, जी उरली त्यांच्या डोक्यावर सैन्य पोसायचा खर्च आणि वर कर, मग गावच्या गाव मिळून कर्ज काढायचं, म्हणजे एकटादुकटा शेतकरी नाही हो, अख्खं गावच कर्जदार! देणारे कोण, तर दिजोंचे पैसेवाले, त्यात तिथल्या कोर्टाचे न्यायाधीशसुद्धा. फिटलं नाही की गावाचं सामायिक जंगल, गायरान विकायला काढायचं, आणि घेणारे परत हेच साहेबलोक. सावकारी आपल्याला नवी नाही, पण सावकारच न्यायाधीश म्हटल्यावर दाद मागायची कुणाकडे?

१९३२ चा फ्रेंच खेड्यांचा इतिहास लिहिताना मात्र गडी सुटलाय. शेतांची मांडणी, वाटा, जंगलाची कड, सगळं म्हणे नवाश्मयुगापासूनचं. भाषा काय सुंदर, पण पुराव्याच्या नावाने बोंब. मार्क ब्लॉक या दुसऱ्या फ्रेंच इतिहासकाराचं याच विषयावरचं पुस्तक एकच वर्ष आधीचं, तो जुने नकाशे घेऊन मागे मागे जातो आणि पुरावा संपला की गप्प बसतो. रुपनेलला गप्प बसणं जमत नाही, आणि खरं सांगू का, मला तो तिथेही आवडतो.

रुपनेलच्या 'सिलोए' या पुस्तकावरून बाशलार या फ्रेंच तत्त्वज्ञाने काळाबद्दल पुस्तक लिहिलंय, ते तत्त्वज्ञानवाल्यांनी बघावं. तुम्ही आधी प्रबंध वाचा, १९३२ चं नंतर. उलट केलंत तर त्या भाषेच्या मोहात तो सांगेल ते सगळं खरं मानून बसाल.