तुम्ही विचारलंत म्हणून: मुल्लांचं जॅकेट

"सर, आधी आपलं जॅकेट, मग शेजाऱ्याचं, असं तुम्हीच घोकून घेता. मग कॅप्टन मुल्लांनी स्वतःचं खलाशाला दिलं, ते चूक होतं का?"

१९७१च्या युद्धात बुडालेल्या खुकरी या आपल्या युद्धनौकेचे कॅप्टन मुल्ला आपलं जीवरक्षक जॅकेट देऊन जहाजाबरोबर गेले, त्यांच्याबद्दलचा हा प्रश्न प्रत्येक बॅचला येतो. बोटीवर जाण्याआधी सुरक्षेचा कोर्स करायला आलेली गोव्यातल्या सासष्टीची पोरं विचारतात, मालिम बंदरातल्या ट्रॉलरवरचे तांडेल विचारतात. विचारताना चेहऱ्यावर 'आता सापडलात' असा भाव असतो. वर्गात दोन मिनिटांत दिलेलं उत्तर मलाच पटत नाही, म्हणून एकदाचं लिहून टाकतो. यापुढे कोणी विचारलं तर हा कागद हातात ठेवीन.

'आधी आपलं' यात स्वार्थ नाही, हिशेब आहे. अंगावर जॅकेट नसलेला माणूस दुसऱ्याचं बांधायला गेला की त्याचा एक हात कठड्याला असतो आणि एकाच हाताने बकल लागत नाही. मग होतात दोघं अर्धवट. जॅकेट डोक्यातून घालायचं, पट्टा पाठीमागून फिरवून पुढे आणायचा, बकल टक् वाजेपर्यंत दाबायचं, उरलेला पट्टा ओढून घट्ट करायचा. नंतर खांद्याशी धरून वर ओढून बघायचं. हनुवटीच्या वर सरकलं तर ते बांधलेलंच नाही असं समजा. सैल जॅकेट पाण्यात पडताच कानापर्यंत चढतं, माणूस खालून निसटतो आणि जॅकेट एकटंच तरंगत राहतं. उडी मारताना दोन्ही हात छातीवर आडवे ठेवून ते खाली दाबून धरायचं. जॅकेटच्या चाचणीतली उडी साडेचार मीटरवरून असते. तेवढ्या उंचीवरून न धरता पडलात तर पाणी जॅकेटला वर ढकलतं आणि तो दणका थेट हनुवटीखाली बसतो.

आंतरराष्ट्रीय सागरी नियम सांगतो की एकदा दाखवल्यावर प्रत्येकाला ते कोणाच्याही मदतीशिवाय एका मिनिटात घालता आलं पाहिजे. बेशुद्ध माणसाला काही सेकंदांत उताणं करून त्याचं तोंड पाण्याच्या वर ठेवणं जॅकेटला जमलं पाहिजे. पाण्यात माणसाला तरंगवायला जेमतेम पाच किलोचा आधार पुरतो. १५० न्यूटनचं जॅकेट सुमारे पंधरा किलो उचलतं. जास्तीचे दहा किलो कशाला, असं हुशार पोरं विचारतात. तर तुम्ही शुद्धीवर नसताना तुम्हाला पालथ्याचं उताणं करायला.

आता ती रात्र. १९७१, डिसेंबरची ९ तारीख. आयएनएस खुकरी ही पाणबुडीविरोधी फ्रिगेट, सोबत आयएनएस किरपाण, दोघी दीवच्या समुद्रात पाकिस्तानी पाणबुडी शोधत होत्या. पाणबुडीनेच त्यांना आधी शोधलं. पीएनएस हँगोर ही फ्रेंच बनावटीची, डाफ्ने वर्गातली पाणबुडी. किरपाणवर सोडलेला टॉर्पेडो फुटला नाही, खुकरीवरचा फुटला. दोन-तीन मिनिटांत जहाज गेलं. १८ अधिकारी आणि १७६ खलाशी बुडाले, ६ अधिकारी आणि ६१ खलाशी वाचले. त्यांना दुसऱ्या दिवशी आयएनएस कच्छलने पाण्यातून उचललं. स्वातंत्र्यानंतर शत्रूच्या माऱ्यात बुडालेलं आपलं हे एकमेव युद्धजहाज. (आणि दीव तेव्हा आपल्याच संघप्रदेशात होतं, गोवा, दमण आणि दीव. तरी पणजीत ही गोष्ट परमुलखातली असल्यासारखी सांगतात. टेकडीवर काचेत ठेवलेली खुकरीची प्रतिकृती बघायला दीवला गेलेले गोंयकार मला फार भेटत नाहीत.)

फ्रिगेट स्क्वॉड्रनचे प्रमुख कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला खुकरीवरच होते. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळालं. जहाज सोडण्याचा निर्णय घेतल्यावर त्यांनी शांतपणे माणसं उतरवली, स्वतःचं जीवरक्षक साधन एका खलाशाला दिलं, आणखी कोणाला काढता येतं का हे पाहायला पुन्हा ब्रिजवर (जिथून जहाज चालवतात त्या वरच्या कक्षात) गेले आणि जहाजाबरोबर गेले. ही झाली पदकाच्या नोंदीतली हकिकत. लोक सांगताना त्यात सिगारेट येते, खुर्ची येते, म्हणजे ते खुर्चीत बसून सिगारेट ओढत बुडाले असं. तो भाग मी वर्गात सांगत नाही. तो आला की पोरं सिनेमा बघायला लागतात आणि जॅकेट विसरतात.

तुम्हीही मिनिटं मोजा. जॅकेटसाठी नियमाने धरलेलं एक मिनिट म्हणजे त्या जहाजाच्या उरलेल्या आयुष्याचा तिसरा हिस्सा, कदाचित अर्धा. आणि ते मिनिट मोजलेलं आहे दिव्याच्या उजेडात, सपाट जमिनीवर. स्फोटानंतर दिवे जातात, डेक कलतो, शिडीच्या पायऱ्या भिंतीसारख्या उभ्या होतात. खालच्या डेकवरचा माणूस वर येण्यातच ती मिनिटं संपवतो. शिडीच्या वरच्या तोंडाशी पोहोचतो तेव्हा त्याच्याकडे जॅकेट असेलच असं नाही, आणि परत जाऊन आणायला वेळही नसतो. अशा वेळी समोरच्याने जॅकेट पुढे केलं तर जॅकेटबरोबर ते मिनिटही मिळतं. लोक याला छोटीशी माया म्हणतात. सेकंद न मोजता बोललं की ती छोटीच दिसते.

मी आधी काय उत्तर द्यायचो ते सांगतो, कारण माझे जुने विद्यार्थी तेच अजून लोकांना ऐकवतात. मी म्हणायचो, 'कॅप्टनचा नियम वेगळा.' ते खोटं होतं. कॅप्टनने शेवटी उतरावं ही दर्यावरची रीत आहे. बुडावं, असं आंतरराष्ट्रीय सागरी नियमांत कुठे लिहिलेलं नाही. विषय मिटवायला सोपं म्हणून मी ते वाक्य वापरत होतो.

मग दुसरं उत्तर काढलं: मुल्ला ब्रिजवर राहणारच होते, मग जॅकेट त्यांना जास्तीचंच होतं. हे ऐकायला चोख वाटतं, पण त्याने त्यांचं देणं फुकटातलं ठरतं. उघड्यावर उभ्या असलेल्या माणसाच्या अंगावर जॅकेट असेल तर जहाज खाली गेल्यावरही ते त्याला वर आणू शकतं. ती शक्यता त्यांनी दिली. आता लगेच मीच मला अडवतो: बंद खोलीत पाणी भरलं तर तेच जॅकेट माणसाला छताला चिकटवून ठेवतं, बुडी मारून दारातून बाहेर निघू देत नाही. म्हणून तर हवेचं जॅकेट आत असताना फुगवू नका असं मी बजावतो. मग ब्रिजवर परतणाऱ्याला ते उपयोगाचं होतं की अडचणीचं? एका आठवड्यात मला एक वाटतं, दुसऱ्या आठवड्यात दुसरं.

हल्ली मी घेणाऱ्याकडे बघतो. त्याच्याबद्दल कधीच कोणी विचारत नाही. बरोबरीचा मित्र जॅकेट पुढे करतो तेव्हा आपण 'नाही, तू घे' म्हणतो, तो पुन्हा पुढे करतो, आणि या आग्रहात दहा-पंधरा सेकंद जातात. हे मी सरावात घड्याळ लावून पाहिलं आहे. आपल्याकडे जेवणाच्या पंगतीत असा आग्रह शोभतो, कललेल्या डेकवर नाही. कॅप्टनने दिलं की खलाशाला 'नाही' म्हणता येत नाही, तो हुकूम असतो. त्याच रात्री मुल्लांनी तरुण अधिकाऱ्यांना ब्रिजवरून समुद्रात ढकललं, असं वाचलेल्यांनी सांगितलं आहे. तेही त्यातलंच. माया हुकमाच्या आवाजात आली म्हणून वेळेत पोहोचली. हे मला पटतं, पण एवढ्याने तुमच्या प्रश्नाचं उत्तर होत नाही हेही मला कळतं.

माझा खरा राग दुसऱ्याच गोष्टीवर आहे. ही हकिकत सांगितली की पुढच्या सरावात दोघं-तिघं शूर होतात. आपलं जॅकेट काढून शेजाऱ्याच्या अंगावर फेकतात आणि छाती फुगवून उभे राहतात. शेजाऱ्याचं बकल उघडंच, पट्टा लोंबतोय, शिट्टीची दोरी गळ्यात अडकलेली. तरंगत्या तेलात, अंधारात, तो माणूस जॅकेट असून बुडेल. डिसेंबरात आपल्याकडचं पाणी उबदार असतं, थंडीने लगेच कोणी मरत नाही, पण तोंड वर राहिलं नाही तर उबेचा काही उपयोग नाही.

आणि ब्रिजवर, इंजिनच्या कंट्रोल रूममध्ये, जिथे जिथे पहारा असतो तिथे तिथे पहाऱ्यावरच्या माणसांपुरती वेगळी जॅकेटं ठेवावीत, असा आज मोठ्या जहाजांना नियम आहे. केबिनमधलं जॅकेट आणायला पळावं लागू नये, कोणी कोणाला आपलं द्यावं लागू नये, म्हणूनच तो आहे. नव्या बोटीवर चढलात की पहिल्याच दिवशी ते कपाट उघडा आणि मोजा. बऱ्याचदा आत रंगाचे डबे आणि मॉपचे दांडे असतात, आणि जॅकेटं खाली दाबून चपटी झालेली. ट्रॉलरवर तर ती बर्फाच्या पेटीमागे प्लास्टिकमध्ये बांधलेली असतात, नवीच्या नवी, तपासणीला दाखवण्यापुरती. ती आधी सोडवा. मग मुल्लांबद्दल विचारा, मी बसलेलाच आहे.