नायजेला डमासेना: तिसऱ्या हंगामाच्या नोंदी

पहिल्या हंगामात मी नायजेला या हंगामी फुलझाडाची रोपे ट्रेमध्ये तयार केली होती आणि प्रत्येकाला चार खरी पाने आल्यावर ती वाफ्यात हलवली होती. झेंडूला किंवा ॲस्टरला जे चालते ते हिलाही चालेल, हा माझा समज चुकीचा ठरला. या झाडाचे सोटमूळ सरळ खोल जाते आणि ते एकदा दुखावले की झाड मरत नाही, पण वाढतही नाही. माझी रोपे वीतभर उंचीवरच एक-दोन फुले देऊन संपली. तेव्हापासून बी जिथल्या तिथेच पेरायचे, हा नियम मी पाळत आलो आहे.

यंदा पेरलेले बी घरचेच होते. गेल्या वर्षी निळ्या, दुहेरी (म्हणजे भरगच्च) फुलांच्या एका झाडाची बोंडे मी राखून ठेवली होती. हे बी काळे, टोकदार कडांचे आणि आडव्या सुरकुत्यांचे असून पाहताक्षणी कलौंजीचेच वाटते, आणि त्यात आश्चर्य नाही, कारण कलौंजी म्हणजे याच प्रजातीतील दुसरी जात, नायजेला सटायव्हा. मात्र डमासेनाचे दोन दाणे नखाने चिरडून हुंगले, तर डमासेनिन नावाच्या द्रव्यामुळे पिकल्या फळासारखा गोडसर वास येतो. ओळख पटवायला मला तरी ही खूण पुरते.

वाफ्यातील माती भुसभुशीत करून, शेणखत मुद्दाम कमी ठेवून, मी ६० दाणे ओळीत पेरले आणि त्यांवर जेमतेम अर्धा सेंटिमीटर माती पसरली. हे झाकणे महत्त्वाचे आहे, कारण प्रकाशात या बियांची उगवण रोखली जाते. दुसऱ्या हंगामात मी बी नुसते भुरभुरले होते आणि जे उगवले ते बहुतेक ढेकळांच्या सावलीत पडलेलेच होते. मातीचे तापमान १५ ते २० अंश सेल्सिअसच्या आसपास होते. १२व्या दिवशी पहिली बीजपत्रे दिसली आणि २०व्या दिवसापर्यंत ४१ रोपे मोजता आली. तिसरे-चौथे पान येताच रोप शेपूच्या रोपासारखे दिसू लागते, त्यामुळे निंदणी करताना हात जपून चालवावा लागला. विरळणी करून दोन रोपांत सुमारे २० सेंटिमीटर अंतर ठेवले; उपटलेली रोपे दुसरीकडे लावण्याचा मोह या वेळी आवरला. शेवटी ३४ रोपे राहिली.

पहिल्या पेरणीनंतर २४ दिवसांनी मी शेजारच्या वाफ्यात दुसरी पेरणी केली होती, फुलांचा काळ लांबावा म्हणून. तो हेतू फारसा साधला नाही. नायजेला दिवस लांबू लागले की फुलावर येते, मग झाड केवढे झाले आहे याची ती फारशी वाट पाहत नाही. परिणामी दुसऱ्या वाफ्यातील झाडे केवळ आठवडाभर मागे राहिली, पण उंचीला निम्मी भरली आणि फांद्याही त्यांना मोजक्याच फुटल्या. ज्यांच्याकडे हिवाळा सौम्य असतो त्यांनी पेरणी लांबवू नये, असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

पहिली कळी ७६व्या दिवशी उमलली. कळीभोवती दोऱ्यासारख्या चिरलेल्या छदांचे (फुलाखालच्या पानांचे) जे जाळे असते, त्यामुळे इंग्रजीत तिला ‘लव्ह-इन-अ-मिस्ट’ म्हणतात. पण त्या जाळ्यापेक्षा फुलाच्या आत जे चालते ते मला अधिक पाहण्यासारखे वाटते. एक फूल निवडून मी रोज सकाळी भिंगातून पाहिले. सुरुवातीला मधले पाच कुक्षीवृंत (पराग स्वीकारणारे मादी भागाचे दांडे) सरळ वर उभे होते आणि पुंकेसर (पराग देणारे नर भाग) त्यांच्याभोवती गर्दी करून होते. पुढच्या दिवसांत पुंकेसर एकेका गटाने बाहेरच्या बाजूला कलत गेले आणि कलल्यावर त्यांचे परागकोश फुटले. त्यानंतर कुक्षीवृंतांनी पीळ घेत खाली वाकायला सुरुवात केली आणि सहाव्या दिवशी ते परागकोशांच्या पातळीवर आडवे आले. मधमाशीच्या पाठीला परागकण लागतात ती हीच उंची, आणि मधमाशी आलीच नाही तर स्वतःचेच पराग घेण्याची सोयही त्यातच झालेली. ख्रिस्टियान कोनराड स्प्रेंगेल यांनी १७९३ मध्ये नायजेला आर्व्हेन्सिस या भावंडाच्या फुलात हीच हालचाल तपशिलाने वर्णिली होती.

आता यंदाचा खरा घोळ. ३४ झाडांपैकी २३ दुहेरी निघाली आणि ११ एकेरी. एकेरी फुलात आपण ज्यांना पाकळ्या म्हणतो ती निदले, म्हणजे कळीला झाकणारी बाहेरची दले, असतात. खऱ्या पाकळ्या म्हणजे त्यांच्या आतल्या बाजूला असलेली, झाकण असलेल्या इवल्या मधुपात्रांसारखी अवयवांची रांग. दुहेरी फुलात या मधुपात्रांच्या जागी निदलांसारखेच पुष्कळ अवयव येतात, म्हणजे जे फूल अधिक भरगच्च दिसते त्यात खरी पाकळी एकही नसते! हा गुण एका अप्रभावी जनुकावर अवलंबून आहे, म्हणजे तो आई-बाप दोघांकडून आला तरच दिसतो. गेल्या वर्षी मी राखलेल्या झाडापासून तीन हातांवर पांढऱ्या एकेरी फुलांचा ताटवा होता आणि मी फुलांना पिशवी बांधली नव्हती, त्यामुळे तिकडचे पराग इकडे आले असणार, यातच सगळे उत्तर आले. ही ११ एकेरी झाडे संकरित असणार, आणि तसे असेल तर त्यांच्या स्वपरागित बियांतून आनुवंशिकतेच्या मेंडेलच्या नियमांच्या हिशोबाने साधारण चौथा हिस्सा पुन्हा दुहेरी निघायला हवा.

म्हणून या वेळी दोन एकेरी आणि तीन दुहेरी झाडांच्या कळ्यांना, त्या उमलण्यापूर्वीच, पातळ मलमलीच्या पिशव्या बांधल्या आणि देठाला रंगीत दोरा गुंडाळला. पिशवीतही बोंडे नीट धरली, यावरून कुक्षीवृंतांचे ते वाकणे वाया गेले नाही असे दिसते. एक हिरवे बोंड मी आडवे कापून पाहिले: मध्यभागी बियांनी भरलेले पाच कप्पे आणि त्यांच्याबाहेर, भिंतीचे थर सुटून झालेले, हवेने फुगलेले पाच रिकामे कप्पे. बोंडाचा फुगीरपणा सगळा त्या बाहेरच्या कप्प्यांचा.

मावा दोन शेंड्यांवर दिसला, तो पाण्याच्या फवाऱ्याने गेला. बाकी रोगराई काही नाही.

सध्या ११८वा दिवस आहे. बोंडांवरील जांभळट पट्टे तपकिरी होत आले आहेत आणि माथ्याशी चिरा पडू लागल्या आहेत. खुणेची बोंडे मी उद्या सकाळी, दव सुकल्यावर, देठासह कापून कागदी पाकिटांत उलटी टांगणार आहे. एकेरी झाडांच्या पाकिटांवर ‘संकर, स्वपरागित’ असे लिहून ठेवले आहे. त्यांतील किमान ४० झाडे फुलावर आली की दुहेरी किती निघाली त्याचा आकडा येथे नोंदवेन.