सेक्टर की गाव

रविवार रात्र, भिवंडी

मावशीकडे भाडं शून्य. जेवण, पांघरूण, सकाळच्या चहाबरोबरचे सल्ले, सगळं फुकट. तरीही इथं राहणं मला परवडत नाही. हे तिला कुठल्या तोंडानं सांगायचं, याचा विचार करत पडले आहे.

भिवंडीच्या या कामतघरात सोलापूर सुटल्यासारखं वाटतच नाही. यंत्रमागांचा तोच खडखडाट, गल्लीत तीच तेलुगू, दुकानावरच्या पाट्यांवर ओळखीची आडनावं. नोकरी नवी मुंबईत, ऐरोलीत लागली म्हटल्यावर अम्मा एका दमात म्हणाली, "मग मावशीकडंच." नकाशात ते दिसतंही जवळ. प्रत्यक्षात भिवंडीहून निघायचं, अंजूरफाटा, काल्हेर, कशेळी, बाळकूम करत ठाणं गाठायचं आणि त्या अख्ख्या रस्त्यावर गोदामांचे ट्रेलर आपल्या आधी निघालेले असतात. भिवंडीला रेल्वे आहे, पण ती दिवा–वसई मार्गावर, आणि गाड्या मोजक्या. ठाण्याला पोचलं की १० नंबरवरून पनवेलची किंवा वाशीची लोकल. तिथून ऐरोली काहीच नाही. सगळा जीव जातो तो ठाण्यापर्यंत.

त्यात माझी शिफ्ट दुपारी २ ते रात्री ११. रात्री ऑफिसची कॅब सोडते, पण कॅबवाल्याच्या हद्दीत भिवंडी नाही. ठाण्यात उतरवून देतो म्हणाले. रात्री साडेअकराला ठाण्यात उतरून मी पुढं काय करायचं, यावर फोनवरची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "दॅट इज अप टू यू मॅडम."

म्हणजे नव्या घराची पहिली अट माझी मीच ठरवलेली नाही, ती कॅबच्या नकाशानं ठरवली.

मंगळवार

आज हिशेब मांडला. हातात ३४,०००. घरी १०,०००, कारण धाकट्याची फी. उरलेल्यात भाडं ९,००० च्या वर गेलं की महिन्याच्या पंचवीस तारखेनंतर मावशीकडंच जेवायला यावं लागेल.

पण खरी अडचण महिन्याच्या भाड्याची नाहीच. ऐरोलीच्या सेक्टरमध्ये एक वन आरके बघितली, भाडं १५,०००. वाटलं, ऑफिसातली कुणी जोडीला घेतली तर जमेल. मग एजंटनं बोटांवर मोजायला सुरुवात केली: डिपॉझिट ५०,०००, एक महिन्याचं भाडं ब्रोकरेज, पहिला महिना आगाऊ, कराराचा खर्च वेगळा. पहिला पगार खात्यात पडायच्या आधी ऐंशी हजारांच्या वर रक्कम काढून ठेवायची. ज्याच्याकडं इतके पैसे पडून आहेत त्याला स्वस्त घर कशाला शोधावं लागेल? दरमहा भाडं भरू शकणाऱ्या कितीतरी जणी या उंबरठ्यावरच अडतात आणि पीजीत जाऊन पडतात. पीजी आज दोन पाहिले. एका खोलीत तीन कॉट, जेवणासकट ८,५००, आणि दार रात्री दहाला बंद. माझी शिफ्ट अकराला सुटते हे ऐकून बाई माझ्याकडं अशा बघायला लागल्या की मी स्वतःच विषय संपवला.

एजंट लोकांचे प्रश्न ठरलेले. "फॅमिली की बॅचलर?" "सिंगल लेडी? सोसायटीला विचारायला लागेल." "नॉनव्हेज करता का?" आणि आडनाव सांगितलं की, "साऊथचे का तुम्ही?" माझी चौथी पिढी सोलापुरात. शाळा मराठी, भांडण मराठी. हे समजावत बसण्यापेक्षा "हो" म्हणणं सोपं, असं आता वाटायला लागलंय.

शनिवार

सकाळी कळवा, दुपारी कामोठे.

कळव्यातला एजंट उत्साही. "मॅडम, आत्ता घेऊन ठेवा, कळवा–ऐरोली लिंक होणार आहे, डायरेक्ट गाडी." लिंकचं काम खोटं नाही. दिघा गाव स्टेशन त्याच प्रकल्पातलं, जानेवारी २०२४ मध्ये सुरूही झालं. पण कल्याणच्या बाजूनं येणारा उन्नत मार्ग अजून व्हायचाय, मधल्या वस्त्यांचं पुनर्वसन व्हायचंय. एजंटच्या तोंडी प्रत्येक काम "दोन वर्षांत" होतं. भाडं मात्र त्या न आलेल्या गाडीचं आजपासून घेतात. आणि तोवर कळव्याहून ठाण्याकडं येणाऱ्या लोकलमध्ये शिरायचं म्हणजे डोंबिवली-दिव्यात भरून आलेल्या डब्यात शिरायचं. २०२५ च्या जूनमध्ये मुंब्र्याजवळ लोकलमधून माणसं पडून गेली, ते अम्मानं टीव्हीवर पाहिलंय. कळवा हे नाव काढायचीही सोय नाही.

कामोठे मला मनापासून आवडलं. रुंद रस्ते, वन बीएचके १३,००० पर्यंत, खाली डोसेवाला, रस्त्यावर साताऱ्या-सांगलीची बोली. मानसरोवर किंवा खांदेश्वरला चढायचं, ठाण्याची गाडी पकडायची, मधे बदलायचं नाही. ऑफिसातल्या एकीनं निम्मं भाडं भरायची तयारी दाखवली. पण ठाणे–पनवेल गाड्या काही दर पाच मिनिटांनी नाहीत, एक चुकली की फलाटावर बसून राहा. आणि कॅबचं काय? विचारलं. बेलापूरपर्यंत. पुढं "अप टू यू".

रात्री धाकट्याचा फोन. त्याला जागा, भाडं, स्टेशन यातलं काही ऐकायचं नव्हतं. "अक्का, तिथं पाणी किती दिवसांनी येतं?"

हा प्रश्न सोलापूरचाच माणूस विचारणार. उजनीसारखं धरण जिल्ह्यात असून आमच्याकडं नळ चार-पाच दिवसांनी येतो. घरातलं प्रत्येक भांडं भरून ठेवायची सवय अशी की मावशीकडंही मी पहिल्या दिवशी बादल्या भरून ठेवल्या. पण त्याच्या प्रश्नानं एक बरं झालं. मी प्रत्येक ठिकाणी आधी पाण्याचं विचारायला लागले, तेही एजंटला नाही, खालच्या किराणावाल्याला. एजंट म्हणतो "चोवीस तास". किराणावाला म्हणतो, "टँकर येतो की उन्हाळ्यात."

नवी मुंबई महापालिकेकडं खालापूरजवळचं मोरबे धरण स्वतःच्या मालकीचं आहे. ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे तिच्या हद्दीत येतात. खारघर, कामोठे दिसायला तसंच शहर, पण महापालिका पनवेलची, २०१६ ची. पाट्यांवर सगळीकडं "नवी मुंबई" लिहिलेलं असतं. हद्द कुणाची, हे घर बघताना कुणी आपणहून सांगत नाही.

रविवार

आज घणसोली. ऐरोलीहून रबाळे, मग घणसोली. तिकीट ५ रुपये. कॅबच्या यादीत आहे.

स्टेशनहून सेक्टरांतून चालत गेले. आखीव रस्ते, माथाडी कामगारांच्या वसाहती, मग एकदम रस्ता चिंचोळा होतो आणि गाव सुरू होतं. चार-चार मजली इमारती एकमेकींना इतक्या खेटून की समोरच्या घरातली फोडणी आपल्या खिडकीत येते. मधूनच एखादं कौलारू घर, देऊळ, दारात वाळत घातलेली सुकी मासळी. सेक्टरमध्ये ज्या खोलीला १५,००० मागतात तेवढीच खोली इथं ८,०००. डिपॉझिट ३०,०००. ब्रोकरेज नाही, कारण एजंटच नाही. दारावर खडूनं लिहिलं होतं, "रूम भाड्याने देणे आहे".

मालकीण आगरी आजी. खाटेवर बसून मटार सोलत होत्या. "कुठशी आयलीस गं?" म्हणाल्या. सोलापूर म्हटल्यावर, "चादरवाली?" मी हो म्हटलं. एकटी का, लग्न का नाही, मासळी खातेस का, सगळं विचारून झालं. खाते म्हटल्यावर चेहरा खुलला. शिफ्ट रात्री अकराला सुटते म्हटल्यावर इतकंच म्हणाल्या की जिन्यातला दिवा चालू ठेवायला सांगते.

इतकं स्वस्त का, हे मी त्यांच्या मुलाला सरळ विचारलं. त्यानंही आडपडदा ठेवला नाही. इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र नाही. गरजेपोटी बांधलेलं घर. बँक यावर कर्ज देत नाही. मधे एकदा नोटीस आली होती, आता नियमित होईल असं म्हणतात. कोण म्हणतात? "सगळेच. दर निवडणुकीला."

आजींनी मटार सोलता सोलता सेक्टरच्या बाजूला हात केला. "त्या रस्त्याखाली आमचा भात व्हता."

सिडको, म्हणजे नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी, १९७० ची. ठाणे, पनवेल, उरणच्या ९५ गावांची जमीन या शहरासाठी घेतली, हे मी नंतर आज रात्री वाचत बसले. १९८४ च्या जानेवारीत मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली लढा पेटला, दास्तान आणि नवघर फाट्यावर गोळीबार झाला, पाच जण गेले. त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित जमीन परत द्यायची योजना आली. एजंट "साडेबाराची बिल्डिंग आहे मॅडम" म्हणतात ती हीच, आणि तिच्या मागं एवढं सगळं आहे हे त्यांच्या सुरावरून कळायचं नाही. जमीन गेली, शेती गेली, कुटुंबं वाढली, घरं मात्र गावठाणाच्या त्याच रेषेत. मग मजल्यावर मजला चढला आणि वरच्या मजल्यांवर आमच्यासारखे आले. भात पिकवायचे ते आता भाडं पिकवतात, असं आजींचा मुलगा हसून म्हणाला. मला हसू आलं नाही.

बुधवार

ठरत नाहीये. ऑफिसातले म्हणतात, गावठाणात नको, कधीही बुलडोझर येईल. जे म्हणतात त्यांतल्या बऱ्याच जणांचं घर वडिलांनी घेऊन ठेवलेलं आहे.

धोका आहेच. जिना अरुंद, वायर लोंबकळणाऱ्या, आग लागली तर बंब गल्लीत शिरणार नाही. हे ८,००० मध्येच धरलेलं आहे, फक्त पावतीवर लिहिलेलं नाही. पण इमारत पाडली तर माझं डिपॉझिट अडकेल आणि मी बॅग उचलून दुसरीकडं जाईन. आजींचं काय जाईल ते मोठं आहे. तेव्हा "गावात राहणं रिस्की" हे वाक्य मी म्हणणं जरा कसंसंच वाटतं.

अव्वाला, माझ्या आजीला, फोन लावला. अव्वानं जन्मभर विड्या वळल्या. सोलापूरजवळ कुंभारीच्या गोदूताई परुळेकर घरकुलात तिला घर मिळालं, विडी कामगार बायकांनी मोर्चे काढून मिळवलेल्या १०,००० घरांपैकी एक. तेव्हा लोक हसायचे, माळावर कोण राहायला जाणार म्हणून. अव्वानं माझं सगळं ऐकून घेतलं. बेकायदा, नोटीस, यातलं तिला नवं काही वाटलं नाही. तिनं एकच विचारलं, "शेवटची बस किती वाजता?" कुंभारीहून विडी कारखान्यात माल द्यायला जाणारीला वस्तीची किंमत बसच्या वेळेवरून कळते. कॅब दारापर्यंत येते म्हटल्यावर म्हणाली, "मग घे की."

कॅब गल्लीच्या तोंडापर्यंतच येते. तिथून तीन-चार मिनिटं. हे मी तिला सांगितलं नाही. काल रात्री मुद्दाम साडेअकराला त्या गल्लीतून चालून आले. वडापावची गाडी चालू, मंडळाची पोरं कॅरम खेळत, दोन बायका पायरीवर बसलेल्या. सेक्टरमधला रुंद रस्ता त्याच वेळी अगदी सुनसान होता, फक्त कुत्री.

शुक्रवार

हो म्हटलं. टोकन २,००० दिले.

करारावरून थोडी खेचाखेच झाली. मुलगा म्हणाला, करार कशाला, आपला शब्द आहे. मला पत्त्याचा पुरावा हवा, ऑफिसला कागद हवा. मग त्याला कायदा दाखवला: महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९, कलम ५५. अकरा महिन्यांचा असला तरी लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदलेला हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर मालक उलट सिद्ध करेपर्यंत भाडेकरू म्हणेल त्या अटी खऱ्या धरतात. हे शेवटचं ऐकल्यावर तो लगेच तयार झाला. मुद्रांक शुल्क पाव टक्का, आमच्या आकड्यांवर अडीचशेच्या आतच येतं, नोंदणी फी १,०००. करार करून देणारा माणूस याचे साडेतीन हजार सांगत होता, अडीचवर आला. निम्मे आजी देणार. पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहितीही मुलगाच भरतोय.

मावशीला सांगितलं. आधी रुसली, मग कुकर काढून दिला, मग म्हणाली दर रविवारी यायचं. दर रविवारी कशेळीचा पूल ओलांडायचा म्हणजे... बघू.

पाणी सकाळी साडेसहाला येतं, रोज. धाकट्याला हे खरं वाटत नाहीये. व्हिडिओ पाठव म्हणतोय.

उद्या अकरा वाजता अंगठ्याचं मशीन घेऊन माणूस येतोय. घर आजींच्या नावावर आहे, त्यामुळं अंगठा त्यांचाच लागणार, आणि मासळी साफ करून बोटं गुळगुळीत झालीत, गेल्या खेपेला आधारला तीनदा उमटला नव्हता, असं मुलगा म्हणत होता. बोटांना खोबरेल लावून ठेवायला सांगितलंय.