अँपियर बरोबर होते, तरी फ्यूजने दगा दिला

फोन आला तेव्हा मी दुसऱ्याच साइटवर होतो. पलीकडून काका, ज्यांच्याकडे मी बॅटरी आणि इन्व्हर्टर बसवून दिलेला, म्हणाले, "फ्यूज उडाला वाटतं, पण अहो, उडून पण आतून निळा उजेड येत होता आणि करकर आवाज." हे ऐकलं आणि पोटात गोळाच आला, कारण उडालेल्या फ्यूजमधून उजेड येणं म्हणजे तो उडालाच नाही, वितळला आणि मधल्या फटीतून आर्क, म्हणजे हवेतून उडणारी सलग ठिणगी, चालू राहिला. त्यांना एवढंच सांगितलं की बॅटरीच्या खोलीत कोणी जाऊ नका, मी निघालो.

पोचलो तोवर सगळं थंड झालं होतं. फ्यूजचं प्लॅस्टिकचं झाकण वितळून खाली ओघळलेलं, दोन्हीकडचे लग (केबलच्या टोकाच्या धातूच्या पट्ट्या) काळे, एका बोल्टचं डोकं अर्धं गायब. धातू जळून जळून फट इतकी वाढली की शेवटी आर्क आपोआप तुटला. म्हंजे वाचलो ते फ्यूजमुळे नाही, नशिबाने.

कारण सापडायला वेळ लागला नाही. इन्व्हर्टर उघडला, डीसी बाजूचे मॉस्फेट (इलेक्ट्रॉनिक स्विच) फुटून शॉर्ट झाले होते, म्हणजे बॅटरीच्या प्लस-मायनसवर सरळ शॉर्ट. तीन बँक, म्हणजे बॅटरीचे तीन संच, पॅरलल, त्यातल्या दोघांच्या बीएमएसने (बॅटरी सांभाळणाऱ्या सर्किटने) वेळेवर तोडलं, तिसऱ्या बीएमएसचे मॉस्फेटच शॉर्ट होऊन अडकले. हे होतं बरं का, मॉस्फेट मरतो तेव्हा बरेचदा चालू अवस्थेतच मरतो, म्हणून "बीएमएस आहे की, फ्यूज कशाला" म्हणणाऱ्यांशी मी आता वादच घालत नाही.

पण खरी लाज पुढे आहे. तो फ्यूज मीच लावलेला. आधी तिथे लेड ॲसिडची 24 व्होल्टची बँक आणि 5 किलोवॉटचा इन्व्हर्टर होता. बॅटरी उतरली की 22 व्होल्ट, इन्व्हर्टरची एफिशियन्सी 92 टक्के धरली तर करंट साधारण 247 अँपियर, त्यावर साधारण सव्वापट म्हणून 300 चा फ्यूज. बरोबर होतं तेव्हा. नंतर त्यांनी लोड वाढवला, 51.2 व्होल्टच्या (बोलताना आम्ही 48 च्याच म्हणतो) लिथियमच्या 280 एएचच्या (अँपियर-तासांच्या) तीन बँक आणि 10 किलोवॉटचा इन्व्हर्टर घेतला. मी परत हिशोब केला, पॉवर दुप्पट, व्होल्टेज दुप्पट, बॅटरी उतरल्यावर 44 व्होल्टला परत तेच 247 अँपियर! मग काय, केबल तीच, फ्यूज तोच, मी खूश. त्या फ्यूजवर बारीक अक्षरात 32 व्होल्ट लिहिलेलं, म्हणजे आर्क विझवायची खात्री तेवढ्याच व्होल्टेजपर्यंत, ते मी बघितलंच नाही. खरं सांगायचं तर बघायचं असतं हेच डोक्यात नव्हतं, फ्यूज म्हणजे अँपियर एवढंच डोक्यात बसलेलं.

त्या दिवशी तिथेच वहीवर आकडे मांडले. एका सेलचा रेझिस्टन्स पाव मिलीओहम धरला तर 16 सेलचे 4, बसबार (जोडणीच्या धातूच्या पट्ट्या), बीएमएस, केबल धरून समजा 8 मिलीओहम. म्हणजे शॉर्टमध्ये एक बँक 6 हजार अँपियरच्या पुढे देऊ शकते, आणि तिन्ही मिळून 18-19 हजार, मेन केबलमुळे थोडे कमी. आणि माझा तो पट्टीवाला फ्यूज तोडू शकतो 6 हजार, तेही 32 व्होल्टला! एसीमध्ये करंट सेकंदाला 100 वेळा शून्यावर येतो म्हणून आर्क विझायला संधी मिळते, डीसीत तो शून्यावर येतच नाही, एकदा पेटला की ओढत राहतो.

हेल्पर म्हणाला, "दादा, मग ब्रेकर टाकू ना, परत चढवता तरी येईल." काकांनाही पटलं. पण साध्या डीसी एमसीबीची, म्हणजे छोट्या ब्रेकरची, तोडायची ताकद साधारण 6 ते 10 हजार अँपियर, आणि बरेचसे पोलराइज्ड (एकाच दिशेच्या करंटसाठी बनवलेले) असतात, म्हणजे करंट उलटा आला की आर्क विझवायच्या खणाऐवजी भलतीकडेच ढकलला जातो. बॅटरीत करंट चार्जिंगला एकीकडे आणि डिस्चार्जला दुसरीकडे, त्यामुळे पोलराइज्ड ब्रेकर तिथे नकोच. नॉन-पोलराइज्ड ब्रेकर आयसोलेशनसाठी, म्हणजे काम करताना बॅटरी वेगळी करायला, लावला, पण फ्यूजच्या नंतर, फ्यूजऐवजी नाही.

शेवटी क्लास टी प्रकारचे फ्यूज घेतले. त्यांची ताकद 20 हजार अँपियर, व्होल्टेज रेटिंग डीसीला 125 किंवा त्याहून जास्त, आत वाळू भरलेली असते, ती आर्कच्या उष्णतेने वितळून काच होते आणि आर्क गिळून टाकते. प्रत्येक बँकेला स्वतःचा 150 चा आणि कॉमन बसबारनंतर एक 300 चा. बँकेचा वेगळा का, तर एका बँकेत आत शॉर्ट झाला की बाकीच्या दोन तिच्यात करंट ओततात, आणि तो रस्ता मेन फ्यूजमधून जातच नाही. 150 का, तर एक बँक बंद पडली तर उरलेल्या दोघींवर सव्वाशेच्या आसपास येतात, तेवढ्याला फ्यूज गरम होऊन उडायला नको. फ्यूज टर्मिनलपासून एका हाताच्या आत ठेवला, कारण त्याआधीची केबल कोणीच राखत नाही. पान्यांना इन्सुलेशन गुंडाळलं, बसबारवर झाकणं बसवली. टॉर्क रेंचने (ठरावीक जोरानेच आवळणाऱ्या पान्याने) बोल्ट आवळताना हेल्पर हसत होता, त्याने तो जळका बोल्ट खिशात टाकला होता, नंतर बघून गप्प झाला.

घरी येऊन जुनी वही काढली. 24 वरून 48 ला नेलेल्या अजून तीन साइट निघाल्या, सगळीकडे तोच फ्यूज. दोन बदलल्या. तिसरा म्हणतो, "चालतंय ना, मग कशाला?" रविवारी जाणार आहे, क्लास टी पिशवीत टाकलेत, पैसे तो देवो न देवो.