आईचे कोलायटिस आणि पुढची वर्षे

मायक्रोस्कोपिक कोलायटिसचे, म्हणजे मोठ्या आतड्याला नुसत्या नजरेला न दिसणारी सूज येण्याच्या आजाराचे, निदान झाल्यावर आईने सर्वांत आधी विचारले ते हेच, की याचा पुढे कॅन्सर होतो का. होत नाही. अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्यात सूज आणि व्रण होणारा वेगळा आजार) दीर्घकाळ असलेल्यांना मोठ्या आतड्याच्या कॅन्सरसाठी ठरावीक काळाने कोलोनोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीने आतड्याची तपासणी, करावी लागते. आईच्या आजारात केवळ त्यासाठी ती करावी लागत नाही, आणि शस्त्रक्रियेची वेळही फार क्वचित येते.

मात्र जिवाला धोका नाही म्हणून दुखणे किरकोळ, हे मला मान्य नाही. दुर्बिणीतून आतडे निरोगी दिसते आणि सूज कळते ती बायोप्सीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावरच. त्यामुळे बायोप्सी न घेताच ‘सगळे नॉर्मल आहे’ असे सांगून आईला एकदा परत पाठवण्यात आले होते. त्या काळात पाण्यासारखे जुलाब तिला रात्रीही झोपू देत नसत. लग्नाला निघताना ती पिशवीत जादा साडी ठेवी आणि एसटीने जायचे म्हटले की आदल्या दिवसापासून जेवण सोडी.

ब्युडेसोनाइड या स्टिरॉइडने बहुतेकांना काही आठवड्यांत आराम पडतो, पण गोळी थांबवल्यावर निम्म्याहून अधिक जणांचा त्रास उलटतो. आईचाही उलटला, आणि उपचार फुकट गेले असे वाटून ती खचली. वास्तविक हा या आजाराचा स्वभावच आहे: काहींना पुन्हा कधीच त्रास होत नाही, तर काहींना आराम टिकेल एवढा कमीत कमी डोस दीर्घकाळ घ्यावा लागतो. हे औषध बरेचसे यकृतातच निष्प्रभ होत असल्याने इतर स्टिरॉइडांपेक्षा ते सौम्य ठरते. तरीही वर्षानुवर्षे घ्यायचे तर हाडांची तपासणी टाळू नये, विशेषतः हा आजार पन्नाशी उलटलेल्या स्त्रियांत जास्त आढळतो म्हणून.

काही वेदनाशामके, अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या आणि नैराश्यावरील काही औषधे यांचा या आजाराशी संबंध आढळला आहे, तसाच धूम्रपानाचाही. आईची गुडघेदुखीची गोळी डॉक्टरांनी बदलून दिली. अशी औषधे त्यांना विचारल्याशिवाय बंद करू नयेत. या रुग्णांत सीलिएक आजारही (ज्यात गव्हातील ग्लूटेन हे प्रथिन सोसत नाही) अधिक आढळतो, म्हणून तिची रक्ततपासणी झाली. ती निर्दोष आल्यामुळे गव्हाची पोळी सुटली नाही. सध्या कमी डोसवर तिला आराम आहे आणि तो आणखी उतरवता येईल का, हे डॉक्टर पुढच्या भेटीत ठरवणार आहेत.